उत्तरभागाची कसोटी

(१)

एखादी कथा लोकांच्या मनात घर करून राहिली, की तिचा उत्तरभाग यावा अशी मागणी लोक करू लागतात आणि तो आणण्याची घाई त्या कथेचे मालक करू लागतात. मागणीच्या मुळाशी प्रेम असते. घाईच्या मुळाशी बहुधा हिशेब असतो. या दोहोंच्या कात्रीत सापडतो तो कलावंत. त्याने पूर्वीचेच पुन्हा दिले तर प्रेक्षक म्हणतात, हे आम्ही पाहिले आहे. निराळे काही दिले तर तेच प्रेक्षक म्हणतात, आम्हांला हवे होते ते हे नव्हे. म्हणून उत्तरभागाचे परीक्षण करताना 'पहिल्याची सर याला आली का?' एवढे विचारून भागत नाही. पहिल्याची सर म्हणजे नेमके काय, आणि ती यावी अशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे, हे आधी ठरवावे लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे दोन चित्रपट : १९९३ सालचा 'जुरासिक पार्क' आणि १९९७ सालचा त्याचा उत्तरभाग 'द लॉस्ट वर्ल्ड'. वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात डायनोसॉरच्या चित्रपटांची चर्चा कशाला, असा प्रश्न एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या मनात येईल. त्यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक तर आमच्या तंजावूरकडील मराठी घरांतली मुले आज ज्या कथांवर वाढतात, त्यांत या कथेचा वाटा हरिविजय-पांडवप्रतापापेक्षा पुष्कळ मोठा आहे. ज्या कथेवर मुले वाढतात तिची चिकित्सा वडीलधाऱ्यांनी करू नये, हे काही शहाणपणाचे नव्हे. दुसरे असे की, हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. मूळ आणि त्याचा पुढचा भाग यांचे नाते काय असावे, हा जुना वाङ्मयीन प्रश्न आहे. आणि मूळ भूमीपासून साडेतीनशे वर्षे दूर राहिलेल्या समाजाला तो थोडा अधिकच जवळचा आहे. त्या जवळिकीकडे पुढे वळू.

(२)

कसोटी शोधण्यासाठी हॉलिवुडपर्यंत जाण्याचे कारण नाही. उत्तरभागाचा सर्वोत्तम नमुना संस्कृत नाटकात आपल्यापाशीच आहे. भवभूतीने प्रथम 'महावीरचरित' लिहिले. त्यात रामाच्या पराक्रमाची कथा राज्याभिषेकापर्यंत आली. त्यानंतर त्याने 'उत्तररामचरित' लिहिले. आज पहिले नाटक अभ्यासक वाचतात आणि दुसरे रसिक वाचतात. उत्तरभागाने पूर्वभागाला मागे टाकल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

हे कसे साधले? 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. वरवर पाहता ही पूर्वकथेची उजळणी आहे. मागे काय घडले ते प्रेक्षकांना सांगून टाकण्याची सोय आहे. परंतु भवभूती सोयीवर थांबत नाही. ती चित्रे पाहता पाहता सीतेला पुन्हा त्या अरण्यात जाण्याची इच्छा होते, आणि थोड्याच वेळात लोकापवादाची वार्ता आल्यावर तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. म्हणजे पहिल्या भागाची आठवण ही दुसऱ्या भागाची केवळ पार्श्वभूमी राहत नाही. ती त्याचे कारण होते. जे एकदा सुखाने आठवले, तेच दुःखाला जन्म देते.

यातून तीन निकष काढता येतात. उत्तरभागातील संकट पूर्वभागाच्या पोटातून निघाले पाहिजे, बाहेरून आणून चिकटवलेले नसावे. पूर्वभागाने उत्तर दिलेलाच प्रश्न पुन्हा न विचारता, त्याने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न उत्तरभागाने विचारला पाहिजे. आणि पूर्वभागाचा जो प्रधान रस, त्याचीच मात्रा न वाढवता रस बदलण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. भवभूतीने वीरावरून करुणाकडे जाऊन ते दाखविले. सरकारी पत्रव्यवहारात प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मागील पत्राचा क्रमांक आणि दिनांक असतो. पण नुसता संदर्भ दिल्याने पत्राला उत्तर लिहिले असे होत नाही. पुष्कळसे उत्तरभाग केवळ संदर्भ-क्रमांक असतात.

(३)

'जुरासिक पार्क'चे मोठेपण कशात आहे, याविषयी गैरसमज फार. लोक म्हणतात, त्यातले प्राणी खरे वाटतात म्हणून. खरे वाटतात यात शंका नाही. स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी घडविलेले यांत्रिक प्राणी आणि डेनिस म्युरेन यांच्या चमूने संगणकावर रेखाटलेले प्राणी यांचा सांधा कुठे आहे हे आजही चटकन सापडत नाही. परंतु सव्वादोन तासांच्या आसपासच्या या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते सारे मिळून जेमतेम पंधरा मिनिटे. उरलेला वेळ त्यांची वाट पाहण्यात, त्यांच्याविषयी बोलण्यात आणि त्यांच्या येण्याच्या खुणा ओळखण्यात जातो.

पहिला मोठा प्राणी दिसण्यापूर्वी आपल्याला दिसतो तो माणसाचा चेहरा. ॲलन ग्रँट गाडीत उठून उभा राहतो, चष्मा काढतो, आणि शेजारी पानाकडे पाहत बसलेल्या एलीचे डोके हाताने वळवतो. दोघांचे चेहरे विस्मयाने भरून गेल्यावर मगच आपल्याला ती उंच मान दिसते. आपल्या शास्त्रकारांनी विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानला आहे. स्पीलबर्ग यांनी तो भाव आधी माणसात उत्पन्न केला आणि विभाव नंतर दाखविला. पुढे टायरॅनोसॉरस येतो तोही आधी पेल्यातल्या पाण्याच्या तरंगांतून. पावसातल्या त्या हल्ल्याच्या वेळी जॉन विल्यम्स यांच्यासारख्या संगीतकारालाही गप्प बसविले आहे. ऐकू येतो तो फक्त पाऊस, पत्र्याचा आवाज आणि त्या जनावराचा श्वास.

शिवाय या चित्रपटात प्रत्येक अनर्थाला कारण आहे. एका कर्मचाऱ्याच्या लोभाने कुंपणाची वीज जाते. वीज गेल्याने प्राणी सुटतात. बेडकाच्या आनुवंशिक द्रव्याची भर घातल्याने केवळ माद्या असलेल्या कळपातही प्रजनन सुरू होते. माणसाने केलेले एक कृत्य दुसऱ्याला जन्म देत जाते. अद्भुतापासून भयानकापर्यंतचा हा प्रवास इतका अखंड आहे की त्यातला एकही दुवा काढता येत नाही. पहिल्याची सर म्हणायची ती या बांधणीची. प्राण्यांच्या आकाराची नव्हे, आणि पहिल्या प्रदर्शनातच जगभर मिळविलेल्या नव्वद कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्नाचीही नव्हे. भारतात हाच चित्रपट १९९४ साली हिंदी भाषेत येऊन गावोगाव पोचला तो याच बळावर. कारण आश्चर्याने वळलेली मान समजायला भाषांतर लागत नाही.

(४)

आता उत्तरभाग. मायकेल क्रायटन यांची मूळ कादंबरी १९९० सालची. तिच्या अखेरीस गणितज्ञ इयान माल्कम मरण पावल्याचे सुचविले होते. परंतु पडद्यावर जेफ गोल्डब्लम यांनी माल्कम असा उभा केला की १९९५ सालच्या दुसऱ्या कादंबरीत लेखकाला त्याला जिवंत करावे लागले. मेलेले पात्र मागणीखातर परत आणणे हा उत्तरभागाचा सर्वांत जुना दोष. कॉनन डॉईल यांनाही शेरलॉक होम्स धबधब्यातून वर काढावा लागला होता. दुसऱ्या कादंबरीने नाव घेतले तेही डॉईल यांच्याच १९१२ सालच्या कादंबरीचे.

दुसरा दोष असा : पहिल्या बेटावर पाहिलेली प्रयोगशाळा ही केवळ पाहुण्यांसाठी होती, खरी पैदास शेजारच्या 'इस्ला सोर्ना' बेटावर होत होती, असे आता आपल्याला सांगण्यात येते. जुन्या नाटकांत अखेरच्या अंकी जुळा भाऊ निघावा, तसे हे जुळे बेट निघाले आहे. येथवर आपला पहिला निकष चित्रपटाच्या विरुद्ध जातो.

परंतु एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. कारण पहिल्या दीड तासात या चित्रपटाने काही खरोखर धाडसाची पावले टाकली आहेत. आरंभीच एका लहान मुलीवर छोटे प्राणी हल्ला करतात. तिच्या आईची किंकाळी चालू असतानाच दृश्य बदलते आणि त्या उघड्या तोंडाच्या जागी जांभई देणाऱ्या माल्कमचे तोंड येते. हा केवळ चटकदार सांधा नाही. प्रेक्षकांचे आश्चर्य संपले आहे, हे दिग्दर्शकाला ठाऊक असल्याची ही कबुली आहे. पहिल्या चित्रपटाचा नायक आश्चर्याने थक्क होणारा होता. दुसऱ्याचा नायक कंटाळलेला, बदनाम झालेला, आणि जे खरे आहे ते सांगूनही कोणी विश्वास न ठेवलेला असा आहे. इतर मंडळी स्टेगोसॉरसचा कळप पाहून उद्गार काढतात तेव्हा तो बजावतो की, सुरुवात अशीच होते. धावाधाव आणि ओरडा मागाहून येतो.

प्रश्नही बदलला आहे. 'माणसाने जीव निर्माण करावा काय?' हा पहिल्याचा प्रश्न होता. दुसऱ्याचा प्रश्न असा : निर्माण करून टाकलेला, मग सोडून दिलेला, आणि आता स्वतःच्या बळावर जगणारा जीव कोणाचा? हॅमंडचा पुतण्या लडलो म्हणतो, कंपनीचा. पैसे आम्ही घातले आहेत. म्हणून तो गाड्या, फासे आणि पिंजरे घेऊन बेटावर उतरतो. जीपगाड्यांनी कळपाचा पाठलाग करून एकेका जनावराला पाडण्याचे ते दृश्य पाहताना या मालिकेत प्रथमच आपल्याला माणसाची भीती आणि प्राण्याची कीव वाटते. याच वर्षी स्पीलबर्ग यांनी 'आमिस्टाड' हा गुलामांच्या जहाजावरचा चित्रपट केला, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आणि सर्वांत मोठे यश आहे ते पिलाच्या प्रसंगात. पाय मोडलेले टायरॅनोसॉरसचे पिलू शिकाऱ्यांनी आमिष म्हणून बांधून ठेवलेले असते. सारा आणि निक दयेपोटी त्याला आपल्या गाडीत आणतात आणि पाय बांधू लागतात. पिलाच्या हाकेने त्याचे आईबाप येतात. पिलू परत दिल्यावरही ते फिरून येतात आणि ती लांब गाडी कड्यावरून ढकलतात. येथे संकटाचे मूळ लोभात नाही, करुणेत आहे. दया करणाऱ्यांना वाचविताना एडी नावाचा साधा यंत्रज्ञ त्या दोन जनावरांच्या तोंडी जातो. सारा काचेवर पडते, आणि तिच्या तळहाताखाली त्या काचेला हळूहळू तडे जाऊ लागतात. पहिल्या चित्रपटात काचेच्या पेल्यातले पाणी हलले होते. येथे काच स्वतःच फुटते आहे आणि तिच्यावर माणूस आहे. आठवण आणि नवे संकट अशी एकत्र येतात. भवभूतीचा निकष लावायचा तर हे दृश्य त्याला उतरते. माझ्या मते संपूर्ण मालिकेत याच्या तोडीचे दृश्य पहिल्या चित्रपटातील पावसाच्या रात्रीखेरीज दुसरे नाही.

(५)

पात्रांतही एक भर मोलाची आहे. पीट पॉसलथ्वेट यांनी उभा केलेला रोलंड टेंबो हा शिकारी पैशासाठी आलेला नाही. त्याला सर्वश्रेष्ठ शिकार हवी आहे. ती त्याला मिळते, आणि मिळते त्याच वेळी त्याचा जुना सोबती अजय सिद्धू गमावलेला असतो. लडलो त्याला नव्या उद्यानात नोकरी देऊ करतो तेव्हा, मृत्यूच्या संगतीत आपण पुरेसे राहिलो, अशा आशयाचे बोलून तो निघून जातो. निर्वेदाचा असा क्षण या जातीच्या चित्रपटात विरळा. पण येथेच एक उणेही सांगितले पाहिजे. अजय हा भारतीय. साहेबाबरोबर रानोमाळ हिंडलेल्या वाटाड्याच्या जुन्या परंपरेतला. त्याच्या वाट्याला मोजकी वाक्ये येतात, आणि तो उंच गवतात कोठेतरी मरतो. त्याचा शोक आपण साहेबाच्या चेहऱ्यावर पाहायचा. साम्राज्यकाळातील शिकारकथांची ही सवय १९९७ सालीही सुटलेली नव्हती.

यानंतर चित्रपट घसरतो. माल्कमची मुलगी दांडीवर कसरत करून एका हिंस्र प्राण्याला लाथेने उडवून लावते, तेथे भयानकाचे हास्य होते. आणि मग येते सॅन डिएगो शहर. बंद केलेला टायरॅनोसॉरस जहाजातून तेथे आणला जातो; जहाज धक्क्यावर आदळते तेव्हा त्यावरील माणसे मेलेली असतात. जनावर तळघरात कोंडलेले असताना माणसे कशी मेली, याचे समाधानकारक उत्तर चित्रपट देत नाही. ज्याच्या पूर्वभागात एकेका अनर्थाची कारणपरंपरा चोख होती, त्याच्या उत्तरभागात सर्वांत मोठा अनर्थ अकारण घडतो. शहरात शिरलेले प्राचीन जनावर ही कल्पनाही उसनी आहे. डॉईल यांच्या कादंबरीवर १९२५ साली निघालेल्या मूकपटात असाच एक डायनोसॉर लंडनच्या रस्त्यांत मोकळा सुटला होता. १९३३ सालच्या 'किंग काँग'मध्ये वानर न्यूयॉर्कमध्ये आणला होता, आणि त्या जहाजाचे 'व्हेंचर' हे नावही येथे जसेच्या तसे घेतले आहे. म्हणजे शेवटचा भाग 'जुरासिक पार्क'चा उत्तरभाग राहतच नाही. तो दुसऱ्याच पूर्वजाचे श्राद्ध घालतो.

पण माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. रानात जगणारा जीव पकडून शहरात आणावा आणि तिकीट लावून दाखवावा, हा लडलोचा अपराध. त्याबद्दल कथा त्याला मरणाची शिक्षा देते. परंतु चित्रपट स्वतः दुसरे काय करतो? दीड तास अरण्यात मांडलेला विचार पुरेसा धंदा करणार नाही या भीतीने तोही त्या जनावराला शहरात आणतो आणि आपल्याला तिकिटावर दाखवितो. मग शेवटी दूरचित्रवाणीवर वृद्ध हॅमंड येतो आणि त्या प्राण्यांना आपापल्या बेटावर राहू द्या, असे सांगतो. उपदेश खरा असला तरी तो ऐकताना आपण नुकतेच ज्या मेजवानीतून उठलो, तिचा वास हाताला असतो.

हॅमंडच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो आहेत. भारतीय प्रेक्षकाला हा चेहरा सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या 'शतरंज के खिलाडी'तला जनरल औट्रम म्हणूनही ठाऊक आहे. अवधचे राज्य १८५६ साली खालसा झाले. वारस नाही या सबबीवर तंजावूरची गादी त्याच्या आदल्या वर्षी, १८५५ साली, संपुष्टात आली होती. ज्याने ताबा घेतला तोच पुढे संरक्षक म्हणून उभा राहतो आणि जपणुकीची भाषा बोलू लागतो, हा प्रकार या राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला नवा नाही. म्हणून हॅमंडच्या हृदयपरिवर्तनावर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. तो विचारतो, परिवर्तन झाले ठीक. पण सुरक्षित अंतरावरून सांगितलेल्या या उपदेशाची किंमत कोणी मोजली? चित्रपटात ती एडीने मोजली आहे, आणि त्याचे नाव शेवटच्या भाषणात येत नाही.

(६)

तंजावूरचा उल्लेख निघालाच आहे, तर विषय थोडा घराजवळ आणतो. राजवाड्याच्या संग्रहालयात चोळांच्या ब्राँझमूर्ती पाहून झाल्यावर वर एका बाजूस एका देवमाशाचा सांगाडा मांडलेला आढळतो. तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाचा तो आहे. तेथे येणारी मुले पहिल्यांदा गप्प होतात. मग त्यांपैकी एखादे पावलांनी लांबी मोजू लागते. अद्भुताचे आयुष्य एवढेच असते. मौन पहिल्या दर्शनाचे. मोजमाप दुसऱ्या दर्शनाचे. उत्तरभागाला नेहमी मोजमाप करणारा प्रेक्षक मिळतो. मौन धरणारा मिळत नाही. हे ज्या दिग्दर्शकाला उमगले त्याने मौनाचा हट्ट सोडावा आणि दुसऱ्या दर्शनाला जे साधते, म्हणजे ओळख, कीव, जबाबदारी, ते साधावे.

आणखी एक 'हरवलेले जग' आमच्या शेजारी आहे. कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेस गेले की अरियलूरचा मुलूख लागतो. एके काळी तेथे समुद्र होता. शंखशिंपल्यांचे आणि अमोनाइटांचे जीवाश्म तेथे विपुल सापडतात. त्याच मुलखातील कल्लमेडू येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील यादगिरी आणि अय्यासामी यांना काही प्रचंड हाडे आढळली, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी त्या प्राण्याला 'बृहत्कायोसॉरस' असे संस्कृताच्या आधारे नाव दिले. चित्रपटातला टायरॅनोसॉरस अमेरिकेत ज्या क्रिटेशियस युगाच्या अखेरीस हिंडत होता, त्याच सुमारास हा बृहत्काय कावेरीच्या खोऱ्यात वावरत असावा. आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या भूचरांत त्याची गणना करणारे अभ्यासक आहेत. ती हाडे नव्हेत, दगड झालेले लाकूड असावे, अशी शंका घेणारेही झाले. दुर्दैवाने पावसाने फुगणाऱ्या त्या मातीत ती हाडे भुगा होऊन गेली. २०२२ साली जुनी छायाचित्रे पुढे आली आणि ती हाडेच होती या बाजूला बळ आले. वस्तू गेली, तिचे वर्णन आणि चित्र उरले. अशा वस्तूचा उत्तरभाग कोणी काढू शकत नाही. म्हणून जे पुन्हा दाखविता येते त्याची आपण काळजी घ्यावी, एवढेच ती शिकवते.

आता चित्रपटातील एका बारीक तपशिलाकडे वळतो. तो मला त्यातील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. पहिल्या चित्रपटात असे सांगितले आहे की या प्राण्यांना लायसिन हे द्रव्य माणसाने पुरविले तरच ते जगतील. पुरवठा थांबला की मरतील, अशी व्यवस्था निर्मात्यांनी करून ठेवली होती. दुसऱ्या चित्रपटात पुरवठा थांबून वर्षे लोटली तरी प्राणी जिवंत आहेत. का? तर लायसिन ज्यांत विपुल असते अशा वनस्पती शाकाहारी प्राणी खाऊ लागले, आणि त्या प्राण्यांना मांसाहारी खाऊ लागले. मूळ ठिकाणाहून रसद थांबल्यावर त्यांनी त्या बेटावर उगवणाऱ्या अन्नावर जीव धरला.

तंजावूरच्या मराठीची कथा याहून फारशी निराळी नाही. एकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे राज्य स्थापिले. मायभूमीची रसद क्षीण होत गेली. ही भाषा मग तमिळ आणि तेलुगूच्या अन्नावर जगली. शहाजीराजांच्या नावावर असलेल्या 'पंचभाषाविलास' नाटकात मराठी इतर चार भाषांबरोबर एकाच रंगभूमीवर बोलते. सरफोजीराजांच्या काळात 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत रचली गेली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यातली डोंगरावरून आलेली भविष्य सांगणारी कुरत्ती आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींच्या कुरत्तीने साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगितला. येथे पूर्वीचे रूप राखून प्रश्न बदलला आहे; हा खरा उत्तरभाग. सरफोजी १८३२ साली निवर्तले. जबलपूरजवळ स्लीमन यांना भारतातील पहिली डायनोसॉरची हाडे मिळाली ती त्यांच्या हयातीत, १८२८ साली. 'डायनोसॉर' हा शब्द मात्र रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडविला. तो शब्द दहा वर्षे आधी आला असता तर त्या जिज्ञासू राजाच्या कुरत्तीने त्यालाही आपल्या पदात गोवले असते, असे वाटते.

उपमा येथे थांबविली पाहिजे. प्राण्यांना बेटावर एकटे सोडले तर ते जगतात. भाषेला एकटी सोडली तर ती जगत नाही. तिला बोलणारे लागतात. म्हणून तिच्याबाबत लडलोचा मार्ग जसा चुकीचा, म्हणजे ती उचलून नेऊन 'पहा, जुनी मराठी' म्हणून दालनात मांडणे, तसाच हॅमंडचा शेवटचा मार्गही अपुरा. दुरून हात जोडून जतन होत नाही. घरात ती बोलली गेली पाहिजे. आणि मुलांनी पाहिलेल्या चित्रपटावर त्याच भाषेत वाद घातला गेला पाहिजे. हा लेख लिहिण्यामागे तोही एक हेतू आहे.

(७)

निकाल सांगण्याची वेळ आली. 'द लॉस्ट वर्ल्ड' हा 'जुरासिक पार्क'च्या तोडीचा चित्रपट नाही. त्याची बांधणी सैल आहे, आरंभाची सबब ओढूनताणून आणलेली आहे, आणि त्याचा शेवट त्याच्याच विचाराशी द्रोह करतो. जगभरच्या उत्पन्नातही तो मागे पडला. साठ कोटी डॉलरांच्या थोडे वर गेला. पण उत्पन्न हा येथे पुरावा नाही. पुरावा आहे तो दुव्यांच्या तुटलेपणाचा.

तरीही त्याला केवळ नक्कल म्हणून बाजूस सारणे रसिकतेला धरून होणार नाही. आपल्या तीन निकषांपैकी दुसऱ्याला तो पूर्णपणे उतरतो : त्याने खरोखर नवा प्रश्न विचारला. तिसऱ्याला तो अर्धा उतरतो : अद्भुताकडून करुणाकडे जाण्याचे धैर्य त्याने दाखविले, पण शेवटपर्यंत टिकविले नाही. पहिल्यात मात्र तो पिलाच्या प्रसंगापुरताच यशस्वी होतो.

त्याची खरी किंमत त्याच्यानंतर आलेल्या भागांकडे पाहिल्यावर कळते. २००१, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ अशा पाच साली या मालिकेचे आणखी पाच चित्रपट निघाले. २००१ साली टायरॅनोसॉरसला मारणारा स्पिनोसॉरस आणला. २०१५ साली तर उद्यानाला येणारी माणसे साध्या डायनोसॉरना कंटाळली म्हणून कंपनी नवीनच संकर घडविते, अशी कथाच रचली. तेथे कंटाळा हे मोठे जनावर काढण्याचे निमित्त झाले. १९९७ साली माल्कमची जांभई ही स्वतःला विचारलेली शंका होती. जांभई तीच, पण एकात विचार आहे आणि दुसऱ्यात व्यापार.

पुढचा उत्तरभाग येईल तेव्हा आमच्या घरांतली मुले तो पाहतीलच. त्यांना अडविण्याचे कारण नाही. परत आल्यावर त्यांना जनावर केवढे होते असे न विचारता, ते कशामुळे सुटले असे विचारावे. उत्तर मराठीत आले आणि त्यात कारण असले, तर दोन्हीही उत्तरभाग बरे चालले आहेत असे समजावे.